पाचवं औजार

आमच्या मोटरसायकलची चेन मधोमध अडीच ते तीन सेंटिमीटर हलावी, असं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलं आहे. खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात मी मोजपट्टी लावून मोजलं तेव्हा ती साडेपाच सेंटिमीटर हलत होती. मागचा ब्रेक पार खाली जाईपर्यंत लागत नव्हता. सर्व्हिसिंग दर तीन हजार किलोमीटरला करायचं असतं. आमची गाडी नऊ हजारांच्या पुढं गेली होती. कारणं होती, ती प्रत्येक घरात असतात. डाळिंबाची छाटणी झाली की बघू, पाऊस उघडला की बघू, गणपती झाले की बघू.

गाडी मुख्यतः तात्या, म्हणजे माझे वडील वापरतात. वय सत्तरीच्या पुढं. दर वर्षी खंडेनवमीला ते पिंपळीहून सणसरला जातात आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या आत्याला, दसऱ्यासाठी घेऊन येतात. एसटीनं ये म्हटलं तर आत्या येत नाही. भाऊ न्यायला आला पाहिजे, हा तिचा नियम.

बारामतीच्या गॅरेजात गेलो तर दसऱ्याच्या तोंडावर दारापुढं गाड्याच गाड्या. मिस्त्री मान वर न करता म्हणाला, "दसऱ्यानंतर या."

तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तवर म्या काय बहिणीला खांद्यावर आणू?"

"मी घरीच करतो," मी म्हणालो.

माझी बायको आतून म्हणाली, "मिक्सरचं झाकण बसंना झालंय चार महिने. त्यावर हात बसवा आधी."

मी हसलो नाही. मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट बघतो. दिवसभर दशांशात काम करणारा माणूस आपल्याला नट-बोल्ट जमणार नाहीत असं मानत नाही. बारामतीतून मागच्या ब्रेकचे लायनर आणले, पान्यांचा संच आणला, मोबाइलवर तेच काम करणाऱ्या दोघांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. दोघांनी एक गोष्ट सारखीच सांगितली होती. मागच्या ब्रेकच्या डब्याला एक आडवी लोखंडी पट्टी असते. तिचं एक टोक डब्याला आणि दुसरं गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं बांधलेलं असतं. ती पट्टी डब्याला धरून ठेवते. ती सुटली तर ब्रेक दाबताच डबाच चाकाबरोबर फिरतो, ब्रेकचा दांडा वळतो आणि चाक जागच्या जागी जाम होतं.

म्हणून मी खबरदारी घेतली. खंडेनवमीच्या सकाळी केंद्रावरून आलो आणि अंगणात पोतं टाकून बसलो. स्टीलचं एक जुनं ताट घेतलं. काढलेला प्रत्येक भाग पेट्रोलनं धुऊन त्यात ठेवायचा, काढला त्या क्रमानं. प्रत्येक बोल्टचा वायसर, नट आणि पिन तांब्याच्या तारेत ओवून कडं करायचं, म्हणजे एकही घरंगळणार नाही. माझा हिशेब साधा होता : ताट रिकामं म्हणजे गाडी पूर्ण.

काम चांगलं झालं. जुने लायनर झिजून नखाइतके पातळ उरले होते. नवे बसवले, चाक बसवलं, पट्टीचं डब्याकडचं टोक आवळलं. मग चेन ताणायची होती. चेन ताणताना चाक मागं सरकतं, म्हणून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नुसता बोल्ट घातला आणि नट शेवटी लावायचा असं ठरवलं. चेन ताणली, मोजपट्टीनं मोजली, बरोबर तीन सेंटिमीटर. एक्सलचा मोठा नट आवळला. ताटात त्या नटाचं एकच कडं राहिलं होतं.

तेवढ्यात केंद्रावरून फोन आला. टँकर उभा होता आणि सकाळच्या नमुन्याचा फॅट जुळत नव्हता. मी हात पुसले आणि गेलो.

परत आलो तोवर दुपार झाली होती. अंगण धुतलेलं. गाडी धुऊन, पुसून स्टँडवर उभी. तात्या सीटवर फडकं मारत होते. ताट पायरीवर होतं आणि रिकामं होतं.

मी ताटाकडं बघितलं. ते कडं हातात घेतल्याचं, तार सोडवल्याचं मला आठवत होतं. तशी दोन कडी होती, आणि तार सोडवल्याचं आठवत होतं ते पहिल्या कड्याचं. पण तेव्हा तसं वाटलं नाही. तरी विचारलं, "तात्या, ताटातलं काय हलवलं का?"

"म्या कशाला हात लावू तुझ्या ताटाला? त्यात काय जेवायला वाढलं हुतं?"

चाक हातानं फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागेवर थांबलं. पट्टीच्या बोल्टचं डोकं बाहेरून चाचपलं, घट्ट होतं. नट आतल्या बाजूला, चाकाकडं असतो. तो बघायला ओल्या फरशीवर आडवं व्हावं लागलं असतं. मी झालो नाही. चौदा नंबरचा पाना शोधला, शेवटचा एकदा फिरवून बघावा म्हणून. तो सापडेना. आई देवघरातून ओरडली, "पाना पूजेला बसवलाय. आता उद्या सोनं लुटल्याबिगर कुठल्या औजाराला हात लावायचा न्हाय."

हा आमच्या घरचा नियम. खंडेनवमीला औजारं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटून होईपर्यंत त्यांना विश्रांती. आजोबांच्या काळात त्या दिवशी आडाचा दोरसुद्धा सोडत नसत, असं आई सांगते. मीही पान्याचा नाद सोडला. ताट रिकामं होतं.

जेवण करून तात्या सणसरला गेले. जाताना फाटकापाशी त्यांनी ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाले, "लागतोय की लेका. मिस्त्री झालास."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

दिवेलागणीच्या सुमारास आईनं आरतीचं ताट तयार केलं. तात्या आणि आत्या आले की आरती. समईची वात पुढं सारायला मी पाटापाशी वाकलो. पाटावर विळा होता, खुरपं, कुऱ्हाड, माझा पाना. आणि त्यांच्या शेवटी, झेंडूच्या फुलावर टेकवून ठेवलेलं, हळदीत पिवळं झालेलं तांब्याच्या तारेचं एक कडं. त्यात वायसर, नट आणि पिन.

"आई, हे कुठनं आणलं?"

"तुझ्या ताटातनं. छाटणीची कात्री शेजारी गेलीय, चारच भरली. पाच पायजेत न्हवं? ह्ये चकचकीत दिसलं."

"हे गाडीचं आहे."

"मग गाडीचं बी औजारच की."

"आई, तात्या त्याच गाडीवर गेलेत."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला काही कळलं नव्हतं, पण माझा आवाज कळला. "आरं, त्याच्याबिगर चालली की गाडी. गेली न्हवं माझ्यासमोर?"

"चालती. थांबताना पाडंल."

मी तात्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. गाडीवर असताना ते फोन बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि घेत नाहीत. तो नियम मीच घालून दिला होता. मग आत्याच्या घरी लावला. तिची सून म्हणाली, "आवं, मघाच निघाली की दोघं. आत्या मागं बसल्या, पिशवी मांडीवर. का वो?"

"काय न्हाय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

म्हणजे गाडीवर आता दोघं होती. मी कड्याकडं हात केला आणि थांबलो. खोटं कशाला सांगू, त्या घाईतही थांबलो. आई पाटाच्या पलीकडं उभी होती आणि पूजेतलं औजार उचलणारा माणूस मी आमच्या घरात बघितलेला नव्हता. तिनं माझ्या थांबलेल्या हाताकडं बघितलं. मग खाली बसली, कडं उचललं, पाना उचलला, दोन्ही कपाळाला लावलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"जा," ती म्हणाली. "माझं मी बघती देवाचं."

बायकोनं तोवर तिची स्कूटी बाहेर काढली होती. सकाळीच पूजा झालेली, पुढं झेंडूचा हार. तिनं हार काढून फाटकाला अडकवला. "मागं बसा. मी चालवती, तुम्ही रस्ता बघा."

पिंपळीतून कालव्याचा पूल ओलांडला की इंदापूरचा मोठा रस्ता लागतो. आता तो रुंद झाला आहे, मध्ये दुभाजक. तात्या समोरून येणार, म्हणजे दुभाजकाच्या पलीकडून. पण वळायची जागा लांब असली की माणसं आपल्याच बाजूनं, कडेकडेनं उलटी येतात, तात्याही येतात. म्हणून दोन्हीकडं बघायचं होतं. अंधार पडत चालला होता. समोरच्या दिव्यांमागचा माणूस ओळखू येत नव्हता. ऊस दोन्ही बाजूंनी उभा, कारखाना सुरू व्हायला अजून वेळ होता. मी प्रत्येक मोटरसायकलच्या मागच्या सीटवर आत्याची पांढरी साडी शोधत होतो. पडलेली गाडी, जमलेली माणसं कुठं दिसतात का, हेही बघत होतो, आणि बायकोला ते सांगत नव्हतो.

"पडलेली गाडी बघताय न्हवं?" ती म्हणाली. "मी बी तेच बघतीय."

"ब्रेक दाबला की चाक जाम होईल. तात्या फक्त पायाचाच ब्रेक वापरतात."

"ठाव हाय. हाताचा दाबला की माणूस पुढं पडतो म्हणं."

"जाताना सगळीकडं दाबला असणार त्यांनी. धरला बोल्टनं तोवर. आता किती बाहेर आलाय कुणाला माहीत."

"आता गप बसा. नुसतं बघा."

आणि मग दिसली. पलीकडच्या बाजूनं, संथ, डाव्या कडेनं. तात्यांची टोपी, मागं आत्या एका अंगावर बसलेली, मांडीवर पिशवी. बायकोनं हॉर्न दाबून धरला. मी दोन्ही हात हलवले, ओरडलो. तात्यांनी मान वळवली नाही. रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला तर बघायचं नसतं, आपण आपल्या बाजूनं चालायचं, असं त्यांचं आयुष्यभराचं मत आहे. ती दोघं आमच्या शेजारून गेली आणि मागं पडली.

वळायला जागा पुढं होती. तिथं पोचून बायकोनं स्कूटी वळवली आणि वेग वाढवला. मी मनात हिशेब करत होतो. तात्या चाळिशीच्या वर जात नाहीत. आम्ही साठनं गेलो तर पुलाच्या आधी गाठू. पुलावर चढ आहे आणि पलीकडं गावाकडं उतार. त्या उताराला ते दर वेळी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतात. खाली वळण आहे आणि वळणाला कालवा.

त्यांचा लाल दिवा दिसला तेव्हा ते मोठ्या रस्त्यावरून आत वळत होते. पुलाच्या चढापर्यंत सरळ रस्ता राहिला होता. वळताना ब्रेकचा दिवा पेटला नाही. त्यांनी मुठीतला गॅसच सोडला असावा. आम्ही जवळ गेलो. आमच्या दिव्याच्या उजेडात मागचं चाक दिसू लागलं आणि पट्टीचा बोल्टही. डोकं सांगाड्याला टेकलेलं नव्हतं. अंगठ्याच्या नखाएवढं बाहेर आलं होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं.

"ब्रेक म्हणू नका," बायको म्हणाली. "ब्रेक म्हणला की पाय तिथंच जाईल. थांबा बी म्हणू नका."

ती बरोबर होती. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट ठरवली होती, गाठायचं आणि थांबवायचं. थांबवायचं कसं, याचा विचारच केला नव्हता.

स्कूटी त्यांच्या शेजारी गेली. तात्यांनी बाजूला बघितलं. "आरं? तुमी कुठं निघाला?"

"तात्या, गॅस सोडा. नुसता गॅस सोडा."

"कशापायी?"

"सांगतो. पाय हलवू नका. कुठलाच पाय हलवू नका. नुसता गॅस सोडा."

"पुढं चढ हाय. गॅस सोडला तर गाडी चढंल का?"

"चढू नये म्हणूनच सांगतोय!"

आत्या मागून म्हणाली, "आरं सोड की गॅस, पोरगं एवढं बोंबलतंय तर. लहानपणापासनं तुझं असंच, कशापायी, कशापायी."

तात्यांनी गॅस सोडला. बहिणीनं सांगितलं म्हणून सोडला, माझ्यामुळं नाही. गाडी चढाला लागली, मंद झाली, इंजिन गचके देऊन बंद पडलं. मी स्कूटी थांबायच्या आधीच उडी मारली होती. चढावर थांबलेली गाडी क्लच दाबताच मागं येते आणि मागं आली की माणूस ब्रेक दाबतो. मी मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं आणि अंग टेकवलं. आत्याचं वजन, तात्यांचं वजन, गाडीचं वजन माझ्या मनगटांत आलं. बायको तोवर पुढं आली आणि तिनं हँडल धरलं.

"आत्या, उतरा," ती म्हणाली. "तात्या, पाय जमिनीवर. दोन्ही."

दोघं उतरली. गाडी स्टँडवर लावली. मी आडवा झालो. रस्ता ओला होता की कोरडा, आठवत नाही. आत, चाकाच्या बाजूला, बोल्टचं टोक भोकातून दिसतही नव्हतं. अंगठ्यानं बोल्ट आत दाबला. तार सोडवली. बोटांना हळद लागली होती, वायसर दोनदा सुटला. नट फिरवला, पान्यानं आवळला, पिन घातली, पिनचे दोन्ही पाय पक्कड नव्हती म्हणून पान्याच्या टोकानं वाकवले. मग पट्टी हातानं ओढली. पुन्हा ओढली.

तात्या कंबरेवर हात ठेवून उभे होते. "एवढं काय झालं हुतं? सणसरला गेलो, आलो. एकदा बी गाडी अडली न्हाय."

"नट नव्हता, तात्या."

"बोल्ट हुता की."

मी उठलो. त्यांना समजावून सांगावं असं वाटलं, डबा कसा फिरतो, दांडा कसा वळतो. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. ते माझ्या हातातल्या पान्याकडं बघत होते. बायकोच्या मोबाइलच्या उजेडात पान्यावरचं कुंकू दिसत होतं.

"ह्यो पूजेतला?"

"व्हय."

"आईला न सांगता उचललास?"

"आईनंच उचलून दिला. नट बी पूजेतलाच हाय."

 तात्यांनी पान्याला हात लावला नाही, नुसता बघितला. मग गाडीच्या मागच्या चाकाकडं बघितलं, पुलाच्या पलीकडच्या उताराकडं बघितलं, आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"तिनं दिला," ते आत्याला म्हणाले.

आत्या म्हणाली, "ऐकलं मी."

ती परत त्या गाडीवर बसली नाही. स्कूटीवर बायकोच्या मागं बसली. तात्यांनी किल्ली माझ्याकडं दिली, न मागता, आणि माझ्या मागं बसले. मी पूल चढलो आणि उताराला ब्रेकवर पाय ठेवला. हळूच दाबला, मग पूर्ण दाबला. गाडी थांबली. उतारावर मध्येच उभे राहिलो आम्ही. मागून बायकोचा हॉर्न वाजला. तात्या म्हणाले, "थांबली न्हवं? मग चल आता."

आई फाटकात उभी होती, आरतीचं ताट हातात घेऊन. निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरला होता. आत्या उतरली, तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला, आई नुसतं म्हणाली, "आलात वन्सं." तात्यांकडं तिनं नखशिखान्त बघितलं. मग मला म्हणाली, "कुठं बसवला त्यो?"

"काय?"

"माझं पाचवं. कुठं बसवलं ते दाखीव."

मी गाडीमागं खाली बसून आत बोट दाखवलं. तिनं ताट बायकोच्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि निरांजनाच्या उजेडात बोटांनी नट शोधला. धरून हलवून बघितला. नंतर अजून एकदा, जोरानं.

"हालत न्हाय," ती म्हणाली. हाताला लागलेलं ग्रीस पदराला पुसलं, तसंच हळदकुंकू चिमटीत घेतलं आणि आत हात घालून नटावर वाहिलं.